साडेतीन शहाणे आणि एक ‘ढ’

गाडी विलेपार्ल्यात शिरली, हे आम्हाला पूर्वी डोळे मिटूनही कळायचं. पूर्वेकडून बिस्किटं भाजल्याचा गोड वास डब्यात यायचा आणि पेंगणारा माणूस पिशवी सावरून उठायचा. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वास गेला, पण गावाचं नाव त्या पुड्यावर बसून अजून देशभर फिरतं आहे. पुड्यावर गावाच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं, ‘जी’. सुरुवातीला तो ग्लुकोजचा ‘जी’ होता. पुढे जाहिराती आल्या आणि त्या सांगू लागल्या, की ‘जी’ म्हणजे ‘जीनियस’. बिस्कीट तेच, दुधात बुडवायची पद्धत तीच. पण ग्लुकोजने अंगात ताकद यायची, ती आता डोक्यात यायला लागली!

पार्ल्याला हे पटायला वेळ लागला नाही. १९२१ साली टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढणारं हे गाव. व्याख्यानं, पुस्तकं, परीक्षा यांत रमणारं. इथे दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण त्याच्या आजीच्या आधी आपल्याला कळतात. मी याच गावात अनेक वर्षं मराठी शिकवलं, शाळेत आणि घरच्या शिकवणीतही. त्यामुळे हुशार, शहाणा, मठ्ठ, ‘ढ’ हे शब्द मी जितके ऐकले आणि दुर्दैवाने जितके वापरले, तितके एखाद्या कोशकारानेही वापरले नसतील. आज या शब्दांच्या मागे थोडं जाऊन पाहू या.

सुरुवात त्या ‘जीनियस’पासूनच करू. हा शब्द मूळचा लॅटिन. जुन्या रोमन लोकांची समजूत अशी, की प्रत्येक माणसाबरोबर त्याची एक रक्षक देवता जन्माला येते. तिचं नाव ‘जीनियस’. माणसाच्या वाढदिवशी त्या देवतेला नैवेद्य दाखवायचे. म्हणजे मुळात ‘जीनियस’ प्रत्येकाकडे असायचा, जसा आपल्याकडे प्रत्येक घराला एक कुलदेव असतो. पुढे शतकं गेली, अर्थ अरुंद होत गेला, आणि जो सगळ्यांकडे होता तो लाखात एखाद्याकडे उरला. शब्दाचा प्रवास असा उलटाही होतो, हे ध्यानात ठेवा. शेवटी ते लागणार आहे.

आता आपल्या घरातले शब्द. ‘बुद्धी’ हा संस्कृत शब्द ‘बुध्’ या धातूवरून आला. त्याचा एक अर्थ जाणणं आणि दुसरा जागं होणं. ‘बुद्ध’ म्हणजे जागा झालेला. ‘हुशार’ हा शब्द फारसीतून आला. मूळ ‘होशियार’, म्हणजे ज्याला होश आहे, जो शुद्धीवर आहे, सावध आहे. एक शब्द गंगेकाठचा, एक इराणातला, पण दोघांचं म्हणणं एकच: हुशार म्हणजे जागा माणूस. पाठांतर किती, गुण किती, याचा त्यात कुठे उल्लेखही नाही.

तिसरा शब्द ‘अक्कल’. हा अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला. अरबी कोशकार तो ‘इकाल’ या शब्दाशी जोडतात. इकाल म्हणजे उंटाचा पाय बांधून ठेवायची दोरी. आखाती देशांतले लोक डोक्यावरच्या रुमालाभोवती काळी गोल दोरी घालतात ना, तिलाही इकालच म्हणतात. उंट रात्री भरकटू नये म्हणून दोरी आणि माणूस भरकटू नये म्हणून अक्कल. वाळवंटातल्या माणसाला अक्कल म्हणजे काय ते किती नेमकं कळलं होतं, बघा. अक्कल म्हणजे धावण्याचा वेग नव्हे. अक्कल म्हणजे थांबता येणं.

ही अक्कल महाराष्ट्रात आली आणि थेट बाजारात जाऊन बसली. आपण अक्कल गहाण ठेवतो, जशी भांडी सावकाराकडे ठेवावीत. आपण ती विकत घेतो, आणि ती नेहमीच महाग पडते. एखाद्या व्यवहारात पैसे बुडाले की आपण म्हणतो, ‘जाऊ दे, अक्कलखाती जमा.’ हा शब्द चोपड्यांतला आहे. दुकानदाराच्या खतावणीत प्रत्येक रकमेला खातं हवं: घरखर्चाचं, धर्मादायाचं, उधारीचं. पण जो पैसा फसवणुकीत गेला, तो कुठल्या खात्यावर घालायचा? तर अक्कलेच्या. पैसा गेला, शहाणपण आलं, हिशेब जुळला. स्वतःच्या मूर्खपणाची इतकी शांतपणे नोंद करणारा हिशेबनीस मला फार थोर वाटतो.

आणि आणखी एका कागदावर ही अक्कल बसली. जुनं खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र काढून पाहा. शेवटी एक वाक्य असतं, की हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. अरबी अक्कल आणि फारसी हुशारी एकाच शब्दात हातात हात घालून उभ्या आहेत. अर्थ एवढाच, की लिहून देणारा शुद्धीवर होता, त्याला कळत होतं, कोणी त्याचा हात धरून सही घेतली नाही. हे वाक्य मनात ठेवा. त्याच्याकडेही परत यायचं आहे.

आता उंटाची गोष्ट निघालीच आहे, तर उंटावरच्या शहाण्याकडे जाऊ. लहानपणी आजीने सांगितलेली ही गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. एका घरी वासराने पाण्यासाठी रांजणात तोंड घातलं आणि डोकं अडकलं. काही केल्या निघेना. तेव्हा गावातल्या शहाण्याला बोलावणं गेलं. तो आला उंटावर बसून. दार ठेंगणं, उंट आत जाईना आणि शहाणा खाली उतरेना. मग त्याच्यासाठी भिंत पाडली. आत येऊन त्याने वरूनच पाहिलं आणि सांगितलं, ‘मान कापा.’ मान कापली. डोकं रांजणात पडलं. ‘आता रांजण फोडा.’ रांजणही फुटला. घराची भिंत गेली, वासरू गेलं, रांजण गेला. शहाणा मात्र उंटावर शाबूत.

या गोष्टीतला सगळा दोष एका ठिकाणी आहे. तो मूर्ख आहे म्हणून नव्हे, तो उतरला नाही म्हणून घात झाला. खाली उतरून वासराच्या मानेला हात लावला असता, तर रांजण आधी फोडायचा हे पोरालाही सुचलं असतं. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हणही याच घराण्यातली. शेजाऱ्यांचे बैल नांगराला जुंपले जातात आणि हा बसलाय हिशेब करत. पाऊस काही त्याच्या हिशेबासाठी थांबत नाही.

मराठी माणूस शहाणपण मोजतो, तेही अपूर्णांकांत. दीडशहाणा म्हणजे एका शहाण्यापेक्षा जास्त नव्हे. तो एकापेक्षा पुष्कळ कमी. गणिताच्या शिक्षकाने हे ऐकलं तर तो कपाळाला हात लावील, पण भाषेचं गणित बरोबर आहे. दुधात पाणी वाढलं की माप वाढतं आणि दूध कमी होतं, तसंच हे. ‘शेरास सव्वाशेर’ही वजनाच्या काट्यावरूनच आला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली, शेर दुकानातून गेला. पण कोणी ‘किलोस सव्वाकिलो’ म्हणत नाही. वस्तू जाते, म्हण राहते.

या अपूर्णांकांतला सर्वांत प्रसिद्ध आकडा साडेतीनचा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, माणसाचा देह साडेतीन हातांचा. याच साच्यात अठराव्या शतकातल्या राजकारणाने बसवले साडेतीन शहाणे. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे. नाना अर्धे का, तर मसलत त्यांची, पण मैदानातली तलवार त्यांची नव्हे, असं कारण सांगतात.

आपण हा वाक्प्रचार ऐकतो तेव्हा वाटतं, हे साडेतीन जण एका फडावर बसून एका राज्याचं भलं करत असतील. तसं नव्हतं. १७६३ साल घ्या. पानिपताला जेमतेम दोन वर्षं झालेली. पेशवा माधवराव कोवळ्या वयाचा. निजामाने आणि जानोजी भोसल्यांनी हात मिळवले आणि निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. त्या मसलतीमागे विठ्ठल सुंदर. जानोजींचे सल्लागार देवाजीपंत. आणि समोरच्या बाजूला सखारामबापू. तीन शहाणे, तीन दरबार, आणि जळतं पुणं. पुढे जानोजींना निजामापासून फोडण्यात आलं, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा धुव्वा उडाला. पहिला शहाणा, विठ्ठल सुंदर, त्याच रणात मारला गेला.

सखारामबापूंचं काय झालं? नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंमध्ये ते होते, नानाही होते. पण दोन्ही डगरींवर पाय ठेवल्याचा संशय बापूंवर आला, आणि १७७९ मध्ये नानांनीच त्यांना कैद केलं. १७८१ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. एक पूर्ण शहाणा अर्ध्या शहाण्याच्या कैदेत मेला. आणि तो अर्धा? पानिपतातून जीव वाचवून परत आलेला तो तरुण पुढे जवळजवळ पाव शतक पुण्याचा कारभार ओढत राहिला आणि मार्च १८०० मध्ये गेला. त्यांच्यानंतर अठरा वर्षांत पेशवाई संपली. अर्धा कोणाला म्हणायचं, हा हिशेब लोकांनी केला. काळाने वेगळा केला.

समर्थ रामदासांनी तर पूर्ण शहाण्यांनाही सोडलं नाही. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं आहेत, आणि त्याच दशकाच्या शेवटच्या, दहाव्या समासात पढतमूर्खाची. शिकलेल्या मूर्खाला त्यांनी वेगळा समास दिला, हे लक्षात घ्या. युरोपातही असंच काहीसं घडलं. इंग्रजीत मठ्ठ मुलाला ‘डन्स’ म्हणतात. कागदाची उंच टोपी घालून कोपऱ्यात उभा केलेला मुलगा चित्रांत असतो, तो हा डन्स. हा शब्द आला कुठून? १३०८ मध्ये वारलेल्या जॉन डन्स स्कोटस या तत्त्ववेत्त्याच्या नावावरून. आपल्या काळातला तो प्रकांड पंडित. दोनशे वर्षांनी नव्या विद्येचे लोक आले आणि त्याच्या अनुयायांना हिणवू लागले, की हे डन्सवाले जुनं ते कवटाळून बसलेत, यांना नवं काही शिकताच येत नाही. पाहता पाहता महापंडिताचं नाव मठ्ठपणाला चिकटलं.

आता हे सगळे शब्द एका ओळीत ठेवा. दीडशहाणा, अतिशहाणा, उंटावरचा शहाणा, पढतमूर्ख, अकलेचा कांदा, अकलेचे तारे तोडणं. एक गोष्ट चटकन दिसते. आपल्या पूर्वजांनी खरी थट्टा केली ती ज्यांना थोडं फार कळतं त्यांची. ज्याला मुळातच कमी कळतं, त्याच्यावर त्यांनी फारसे वाक्प्रचार खर्च केले नाहीत. थट्टा वरच्या दिशेने जाते, उंटाकडे.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपण शाळेत वापरतो. ‘ढ’.

या अक्षराची बदनामी का झाली, त्याचं एक कारण सांगितलं जातं. सम्राट अशोकाच्या काळात आपल्याकडे ब्राह्मी लिपी होती. तिच्यातूनच बदलत बदलत आजची देवनागरी झाली. ब्राह्मीतला ‘क’ अधिकाच्या चिन्हासारखा होता, ‘ग’ उलट्या पाचरीसारखा. बावीसशे वर्षांत दोघेही ओळखू येणार नाहीत इतके बदलले. पण ‘ढ’ तेव्हा जसा होता, जवळजवळ तसाच आज आहे. डोक्यावर रेघ आली, इतकंच. सगळी अक्षरं पुढे गेली, हा जिथल्या तिथे. म्हणून पुढे न सरकणारा विद्यार्थी तो ‘ढ’. खरं तर ‘ठ’सुद्धा त्याच्याच जोडीचा. तेव्हाही वाटोळा, आजही वाटोळा. पण नाव पडलं ते ‘ढ’चं.

पार्ल्याहून विरारची गाडी पकडली तर तासाभरात नालासोपारा येतं. हे अशोकाच्या काळातलं मोठं बंदर, शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. वाटेत बोरिवलीला उतरलात तर कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मीतले लेख आहेत. ही लिपी वाचणारं मध्यंतरी कोणीच उरलं नव्हतं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा उलगडली. आज तुम्ही-आम्ही त्या भिंतीसमोर उभे राहिलो तर आपल्याला काय वाचता येईल? बदललेल्या हुशार अक्षरांपैकी एकही ओळखू येणार नाही. कुठे ‘ढ’ दिसला, तर तेवढा ओळखता येईल. ज्याला आपण नापास ठरवलं, तोच एक बावीसशे वर्षं आपल्याला ओळख देतो आहे.

हे मला उशिरा कळलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माझ्या घरच्या शिकवणीत एक मुलगा यायचा. संधी सोडव म्हटलं की विचारायचा, ‘पण सर, हे जोडलं कोणी?’ दर वाक्याला ‘का’. एकदा वीस मुलांसमोर मी त्याला म्हणालो, ‘तू ढ आहेस.’ मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या सतरंजीवर बसू लागला आणि त्याने विचारणं बंद केलं. मला तेव्हा बरं वाटलं. वर्ग शांत झाला होता.

आता तो पार्ल्यात विजेची कामं करतो. अलीकडे आमची जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली. घर रिकामं करायचं म्हणून पंखे आणि ट्यूब उतरवायला मी त्यालाच बोलावलं. स्टुलावर उभा राहून तो ट्यूब काढत होता. मी गमतीने म्हटलं, ‘आम्ही वर्गात उशिरा कळणाऱ्याला ट्यूबलाइट म्हणायचो.’ तो म्हणाला, ‘सर, फडफड करून उशिरा लागते ना, तेव्हा पुष्कळदा ट्यूब चांगलीच असते. स्टार्टर खराब असतो.’ त्याने हे मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तो विजेबद्दल बोलत होता.

टेबलावर कराराचा मसुदा पडला होता. मी सही करून ठेवली होती, अजून दिला नव्हता. त्याने विचारलं, ‘नव्या घरात पॉइंट किती देतायत?’ मला माहीत नव्हतं. त्याने मागची परिशिष्टं चाळली आणि स्वयंपाकघरावर बोट ठेवलं. दोन पॉइंट. ‘फ्रिज, मिक्सर, पाण्याचं मशीन, गिझर कुठे लावणार, सर?’ ऐंशी पानांच्या त्या मसुद्यातलं माझं शुद्धलेखन तपासून झालं होतं. परिशिष्टं मी वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी सोसायटीत विचारलं, तर तिथेही कोणी वाचली नव्हती. शेवटच्या पानावर माझ्या सहीच्या वर ठळक अक्षरांत होतं: राजीखुशीने व अक्कलहुशारीने.

निघताना तो दारात थांबला आणि हसत म्हणाला, ‘सर, तुम्ही मला ढ म्हणाला होतात, आठवतं?’ मी ‘आठवतं’ एवढंच म्हणू शकलो. आज इतका वेळ जे बोललो, ते त्या उत्तराचं राहिलेलं अर्धं वाक्य समजा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)